हस्ते परहस्ते

लॅपटॉप माझ्याकडे आला तो कांद्याच्या पिशवीतून.
विशाखा गोडांबे जिन्यातच म्हणाली,
"चार्जर तिरका धरायचा. ई-चं बटण नाहीये,
खालचा रबर दाब, चालतं."
मग कानाशी येऊन पासवर्ड सांगितला:
एकोणीस हजार दोनशे.
मला वाटलं, उधारी सांगतेय.

कोपरखैरण्यात आमचं घर म्हणजे
माथाडींच्या खोलीवर चढवलेला दुसरा मजला,
बाहेरून लोखंडी जिना.
सासरे मार्केटमधून आले की आधी पाठ टेकतात, मग बोलतात.
त्यांनी पिशवीत डोकावून विचारलं,
"हे किती किलोचं?"

हळूहळू कळत गेलं.
पहिली मालकीण शैला मढवी, घणसोली गावातली.
बापाची खाजण सिडकोत गेली,
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट भावांत गेला,
हिच्या वाट्याला काही आलं नाही.
हा लॅपटॉप तिने सेकंडहँड घेतला, हप्त्यांवर.
महापेत नोकरी लागली तेव्हा तो योगिनी कुळयेला दिला
आणि देताना पासवर्ड बदलला:
पहिल्या पगाराचा आकडा.
पगार विचारू नये म्हणतात ना,
मग रोज टाइपच करायचा.

योगिनीने आकडा जवळजवळ दुप्पट केला.
विशाखाचा पुन्हा खाली आला. ते मास्कचं वर्ष होतं.
खोटा टाकता आला असता,
कोण तपासणार होतं?
तिने खराच टाकला.

नका सांगू मला की टेस्टिंग म्हणजे तांदूळ निवडणं,
बायकांना उपजतच येतं वगैरे.
मला उपजत काही आलं नाही.
एक लूप कळायला एकवीस रात्री लागल्या,
त्यात दोनदा डाळ करपली,
एकदा मी.

रविवारी निसर्ग उद्यानाच्या कट्ट्यावर
शैला साहेब व्हायची, मी उमेदवार.
"मधली सहा वर्षं काय केलंत?"
"काही नाही, घरीच…"
"परत."
"मुलगा लहान होता, म्हणजे सासूबाईंचंही…"
"परत."
शेजारच्या बाकावरचे आजोबा उठून गेले.
सातव्या खेपेला म्हटलं,
"सहा वर्षं घरी होते. आता आलेय."
"हां. आता गप्प बस.
पुढचं त्याला बोलू दे."

ऐरोलीत काचेची इमारत, गळ्यात पाहुण्याचा बिल्ला.
तो भला माणूस होता. म्हणाला,
"फ्रेशरच धरावं लागेल तुम्हाला. अपेक्षा किती?"
टेबलाखाली बोटं मांडीवर आपोआप चालली,
एक नऊ दोन शून्य शून्य,
आठ महिन्यांची सवय.
तोंडाने म्हटलं, "सत्तावीस."
आणि गप्प बसले.
एसी ऐकला.
त्याने पाणी प्यायलं, कागद उलटला,
तो उगाच सरळ केला.
"चोवीस."

काल नसीम आली, खालच्या गल्लीतली,
बारावीनंतर चार वर्षं शिवणकाम केलेली.
पिशवी तीच. बटण बसवून देणार होते,
राहून गेलं.
मीही जिन्यातच म्हटलं,
चार्जर तिरका, ई-चा रबर,
आणि कानाशी, चोवीस हजार.

वाटलं होतं, उधारी समजेल.
ती म्हणाली,
"हातात येतात ते, की कागदावरचे?"

पिशवी दोघींच्या हातात तशीच राहिली.
शैला, योगिनी, विशाखा, मी:
आमच्यातल्या एकीनेही हे विचारलं नव्हतं.
"कागदावरचे," मी म्हटलं.
"हातात एकवीस सातशे."
"मग तेच टाकू ना."

जिन्यावरच बसलो, वायर दारातून ओढून.
मी चार्जर तिरका धरला.
तिने आकडा बदलला.